आधी नाव, मग गाणं

राग शांत झाला की दस्तगीरभाईंवर लिहायचं, असं मी ठरवलं होतं. त्याला वर्ष होत आलं. राग काही शांत होत नाही. उलट कुणी फोनवर एखादं लोकगीत पाठवलं आणि त्याखाली 'पारंपरिक' असं लिहिलेलं दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा आता रागातच लिहिते. भाई स्वतः फारसे रागवत नसत, त्यामुळे त्यांच्या वाट्याचं रागावणंही बराच काळ माझ्याकडेच होतं.

सोलापुरात साखर पेठेत आमच्या इमारतीच्या गच्चीवर दस्तगीर तांबोळींची रेकॉर्डिंगची खोली होती. आवाज घुमू नये म्हणून आतून चारी भिंतींना जुन्या चादरी ठोकलेल्या, खिडकीत एक गादी उभी करून ठेवलेली, आणि मधोमध एक लाकडी खुर्ची. खुर्ची गाणाऱ्यासाठी. भाई स्वतः जमिनीवर बसायचे, कानाला हेडफोन, डावा डोळा मिटलेला. मी खाली दुसऱ्या मजल्यावर राहते. ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहे, म्हणून सगळ्या गल्लीचे इंग्रजी कागद माझ्याकडे येतात. भाईंचेही यायचे. आमची ओळख कागदांनी झाली आणि शेंगाचटणीने वाढली.

त्या चटणीचाच किस्सा आधी सांगते. मी एकदा वाटीभर चटणी वर नेली. पहिला घास तोंडात घातल्यावर कुणीही माणूस "वा, झकास" म्हणतो. भाई घास हातात धरून थांबले.

"कुणी कुटली?"

"आमच्या कामवाल्या लक्ष्मीनं."

"मग लक्ष्मीबाईची चटणी हाय म्हना की. तुमी आणून ठिवली निस्ती."

मला असा राग आला! शेंगदाणे माझे, लसूण माझा, उखळ माझं. पण पुढच्या वेळी वाटी पुढे करताना माझ्याच तोंडून "लक्ष्मीची चटणी आणलीय" असं निघून गेलं, आणि भाईंनी मान डोलावून मगच घास घेतला. हा माणूस असाच होता. शिवलेला सदरा दिसला की शिंपी विचारायचा, विनोद ऐकला की तो कुणाकडून ऐकला ते विचारायचा. लोक वैतागत. त्यांच्या बायकोने तर एकदा मला सांगितलं होतं, "ह्यांच्यापुढं कपबशी ठिवायची बी चोरी. च्या कुणी केला, दूध कुठलं, समदं सांगावं लागतंय."

रेकॉर्डिंगचंही तेच. भाईंच्या खोलीत थेट गाणं सुरू करायला मनाई होती. खुर्चीत बसलेल्या माणसाने आधी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत सांगायचं: माझं नाव अमुक, गाव तमुक, हे गाणं मला अमक्याकडून आलं, किंवा माझं मीच जोडलं, साथीला हे हे बसलेत, आणि हे गाणं कुठं वाजवलेलं मला चालेल. याला भाई 'साक्ष' म्हणत. साक्ष झाली की मग गाणं, आणि दोन्ही एकाच टेपवर, मध्ये कापाकापी नाही.

त्या साक्षी हाच एक मोठा खजिना होता. मोहोळचा एक म्हातारा म्हणाला होता, "लग्नात वाजवा, मयतीत वाजवा, पर विलेक्शनच्या रिक्षावर वाजवू नका." अकलूजकडच्या एका बाईने अट घातली होती की गाणं सगळ्या जगाला ऐकवा, फक्त माझ्या जावेला ऐकवायचं नाही. आम्ही हसून हसून लोळलो. भाई हसले नाहीत. पुढे खरोखरच ती जाऊ कुणाबरोबर तरी खोलीत आली. नेमकी तीच टेप लावलेली होती. भाईंनी उठून यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "बाई, तुमास्नी ऐकवायची परवानगी न्हाय मला." त्यावर दोन्ही जावांचं जे काही पुढे व्हायचं ते झालं असेल. भाईंच्या दृष्टीने गाणारीचा शब्द तो शब्द.

हे खूळ कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. त्यांचे वडील सोलापूर स्टेशनात हमाल होते. विजापूरकडून छोट्या रुळांची गाडी यायची, मुंबईकडे जाणारी मोठ्या रुळांची. रूळ वेगळे म्हणून डबे पुढे जायचे नाहीत. एका गाडीतला सगळा माल उतरवून दुसरीत भरायचा, हेच वडिलांचं आयुष्यभराचं काम. त्या चढउतारीत पोत्यांवरच्या चिठ्ठ्या फाटायच्या, पडायच्या, आणि चिठ्ठी गेली की धडधाकट पोतं बेवारस. "म्हणून अब्बा वळखीच्या शेतकऱ्याला सांगायचे," भाई म्हणाले, "चिठ्ठी भायेर लावू नकोस, पोत्याच्या आत टाक. पोतं जाईल तितं नाव जाईल." मुलाने नाव गाण्याच्या पोत्यात टाकलं, एवढंच. स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून कॉम्प्युटरवर, यंत्रं बदलत गेली तरी साक्ष आवाजातच असल्यामुळे कुठल्याही यंत्राला ती ऐकवावीच लागत होती.

पण आवाज कापता येतो, हे भाईंना मुंबईच्या एका कंपनीने शिकवलं. त्यांचा एक गुळगुळीत बोलणारा माणूस खोलीवर आला, "तुमचा हा ठेवा घराघरात नेऊ" वगैरे म्हणाला, आणि भाईंनी साक्ष कापायची नाही या एकाच अटीवर चाळीसेक गाणी दिली. कॅसेटी आल्या. गाणं थेट सुरू! साक्ष गायब. वर छापलेलं: 'सोलापूरची लोकगीते, पारंपरिक'. गाणाऱ्या माणसांच्या जागी 'समूह'. भाईंनी फोन केला तर तो गृहस्थ म्हणाला, सुरुवातीला असलं बोलणं असलं की गिऱ्हाईक कंटाळतं.

पारंपरिक! म्हणजे काय, ही गाणी काय आभाळातून पडली होती? मोहोळच्या म्हाताऱ्याने कोंबड्याचं चालणं बघून बांधलेलं गाणं परंपरेच्या नावावर चढवलं, आणि परंपरा काही भांडायला येत नाही. कुणाचंच नाही म्हटलं की आपलं म्हणता येतं, इतकी साधी ही युक्ती आहे. मी खटला भरायला सांगत होते. भाईंनी चिठ्ठ्या लिहिल्या. एकेका गाण्याचं नाव, गाव, साक्ष, सगळं बारीक अक्षरात. मग नव्या पेठेतल्या कॅसेटच्या दुकानांत जाऊन एकेक डबी उघडायची, चिठ्ठी आत सरकवायची, डबी बंद. एका दुकानदाराने त्यांना हात धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी हे त्याच दुकानात पुन्हा हजर. शेवटी तो दुकानदारच चिठ्ठ्या मागून घ्यायला लागला.

कॅसेटी गेल्या. ती कंपनी दुसरीने घेतली, दुसरी तिसरीने. गाणी फोनवर आली, 'पारंपरिक' हा शब्दही बरोबर आला. नावं पडतात वाटेत, पण हा शब्द बरा कुठे पडत नाही.

आता नरसम्माची गोष्ट. मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं आहेत, तिथली ही विडी वळणारी बाई. तिने आयुष्यभर विड्या वळल्या आणि वळता वळता गाणी रचली, अर्धी तेलुगूत, अर्धी मराठीत. तिचं पानाचं गाणं आमच्या पेठेत सगळ्या बायकांना पाठ आहे. पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, आणि लेकीला सासरी पाठवताना काय वाटलं ते त्या पानालाच सांगायचं, असं ते गाणं.

साखर पेठेत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. त्यात रेकॉर्डिंग होणार कसं? भाई वीज जायची वाट बघायचे. सगळं सोलापूर वीज गेली म्हणून शिव्या घालायचं आणि हे आनंदाने सेलवरचं यंत्र काढायचे, कारण माग थांबलेले असायचे. अशाच एका दुपारी वीज गेली आणि खालून नरसम्माचा आवाज आला. भाई यंत्र घेऊन जिन्यावरून धावले. ती दारात सूप मांडीवर घेऊन गात होती, गाणं निम्म्यावर आलेलं. भाईंनी तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा साक्ष घेतली नाही. वीज कधीही येईल, आधी गाणं घेऊ, नाव नंतर घेऊ, असा विचार त्यांनी केला. गाणं संपलं आणि त्याच क्षणी गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले. नाव नंतर कधी घेतलंच नाही. कंपनीला दिलेल्या गाण्यांत हेही एक होतं.

नरसम्माच्या नातीने, लावण्याने, गेल्या वर्षी एक व्हिडिओ टाकला. भाईंकडून घेतलेलं ते जुनं गाणं लावलेलं, आणि आता पार थकलेली आजी ते ऐकत मान डोलावतेय. एवढंच. दुसऱ्या दिवशी नोटीस आली की या व्हिडिओतला आवाज अमुक कंपनीच्या मालकीचा आहे, आणि व्हिडिओ मुका झाला. आजी मान डोलावतेय आणि आवाज नाही!

नरसम्मा गुडघ्यांवर हात ठेवत तीन मजले चढून वर आली. मी तिथेच होते.

"ए भाय," ती म्हणाली, "माझा गाणा माझ्या घरात बंद केला कोण?"

भाईंनी तिला खुर्चीत बसवलं.

"मला पैसा नको. पेठेत पोरी म्हणतेत, हे तर जुना गाणा, तुझा कुठला? माझा नाव लाव तिथं. मी जित्ती हाय तवर लाव. मेल्यावर नाव लावून मी काय ऐकणार हाय?"

"लावतो, अक्का," भाई म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "म्याडम, फारम उघडा."

मी आयुष्यात पुष्कळ फॉर्म भरले, पण असला छळवाद पाहिला नाही. हे गाणं फोनवर सहा ठिकाणी, म्हणजे सहा ॲपवर, होतं आणि सहा ठिकाणचे अर्ज सहा तऱ्हेचे. एकाला गाण्याचा नंबर हवा, दुसऱ्याला रेकॉर्डिंगचा, तिसऱ्याला गाणारीचा. ते नंबर असतात कंपनीकडे. म्हणजे हक्क दाखवायला नंबर पाहिजे आणि नंबर मिळायला हक्क दाखवला पाहिजे. एका ठिकाणी भरलेलं दुसऱ्या ठिकाणी वाचताच येत नाही. गाणं कुणाकडून आलं, कुठे वाजवलेलं चालेल, याला तर कुठेच रकाना नाही.

"पर गाणं तर साही ठिकाणी वाजतंय की?" भाईंनी विचारलं.

"वाजतंय."

"मग नावच कसं जाईना त्याच्यासंगं?"

गाणं कुणी किती वेळा ऐकलं हे या सहाही ठिकाणांना एकमेकांत बरोबर कळतं. आवाज कुणाच्या मालकीचा हे एका दिवसात कळतं. फक्त गाणाऱ्या बाईचं नाव इकडून तिकडे न्यायचं म्हटलं की यांची यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्यांनी मिळून एक पद्धत ठरवायला यांचे हात कुणी बांधले होते? रेल्वेसारख्या सरकारी खात्याने शेवटी रूळ एका मापाचे केले की! गरज पडली की सगळं जमतं. नरसम्माची कुणाला गरज नव्हती, हे त्याचं खरं कारण.

शेवटी एका ठिकाणाहून उत्तर आलं: मूळ रेकॉर्डिंगमध्ये गाणारीच्या ओळखीचा पुरावा असल्यास पाठवा. बाकी प्रत्येक गाण्याला तो होता. नेमका याच एका गाण्याला नव्हता. मी ते मराठीत सांगितल्यावर भाई चादरीच्या भिंतीला टेकून बसले. तेव्हा त्यांनी मला ती विजेची गोष्ट सांगितली.

मी म्हटलं, "त्यात काय? आज नरसम्माकडून साक्ष घ्या आणि गाण्याच्या पुढे जोडून द्या. खरंच तर आहे ते. कोण बघायला येतंय?"

"न्हाय."

"अहो, त्यांनी कापली, आपण जोडली."

"म्याडम, आज घेतलेली साक्ष तवाची म्हणून लावली, तर बाकीच्या साक्षींवर उद्या कोण इस्वास ठिवंल?"

मी चिडून खाली निघून आले. चोरांशी लढताना सोवळं पाळणारा माणूस बघितला की माझं डोकं फिरतं. चार दिवस मी वर गेले नाही. पाचव्या दिवशी तेच खाली आले, म्हणाले, फोन घ्या आणि चला नरसम्माअक्काकडं.

तिच्या दारात बसून भाई फोनपुढे बोलले. "मी दस्तगीर तांबोळी, सोलापूर. पानाचं गाणं ह्या नरसम्माअक्काचं हाय, तिनंच रचलंय, तिचाच आवाज हाय. रेकॉर्डिंग मी केलं. त्या दिवशी नाव घ्यायचं मी चुकलो. चूक माजी हाय, तिची न्हाय." शेजारी नरसम्मा विड्या वळणाऱ्या नातसुनेसाठी पानं कापत होती. भाईंचं बोलणं चालू असताना ती आपल्या नादात तेच गाणं गुणगुणायला लागली, दोनच ओळी. आम्ही तो व्हिडिओ तसाच टाकला.

दुसऱ्या दिवशी नोटीस! या व्हिडिओतला आवाज अमुक कंपनीच्या मालकीचा आहे. म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या दारात, पानं कापताना, स्वतःचं गाणं गुणगुणलं, तर तेही यांचं! मी जिना चढून गेले, फोन भाईंच्या पुढे आपटला.

भाईंनी चष्मा वर करून नोटीस माझ्याकडून दोनदा मराठीत ऐकून घेतली. आणि हा माणूस हसायला लागला.

"म्याडम, पुरावा आला की!"

"कसला पुरावा?"

"ह्यांच्या यंत्रानं काय म्हटलं? कालच्या व्हिडिओत जे वाजलं ते त्यांच्या रेकॉर्डिंगमधलं हाय. काल कोण गात होतं? नरसम्माअक्का. तोंड दिसतंय, हात दिसत्यात. मग त्यांच्या रेकॉर्डिंगमधली बाई कोण? लिवा. तुमच्याच यंत्रानं साक्ष दिली म्हणून लिवा."

मी लिहिलं. इतकं कडक इंग्रजी मी कॉलेजातही कधी लिहिलं नव्हतं. दोन महिने काही नाही. मग एका सकाळी लावण्या धावत आली. एका ठिकाणी 'पारंपरिक' गेलं होतं. गीत आणि स्वर: नरसम्मा, सोलापूर. आम्ही तिला वाचून दाखवलं. तिने फोन हातात घेऊन त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, त्या नादात गाणं तीनदा सुरू झालं आणि तीनदा बंद पडलं. मग म्हणाली, "बाकीच्या पाच ठिकाणी?"

बाकीच्या पाच ठिकाणी तसंच होतं. एकीकडे सुधारलेलं दुसरीकडे जाणार कसं? प्रत्येकाला नव्याने सिद्ध करायचं. भाई दुसऱ्या दिवशी यादी घेऊन माझ्या दारात उभे. मला ताप होता, जीव कंटाळलेला होता, पण मी नको म्हणाले त्याचं खरं कारण ते नव्हतं. मी हरले होते.

"भाई, एक झालं ना? एवढ्यावर समाधान माना की."

त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकाच वेळी ऐकला. "एका गल्लीत तुमाला नावानं वळखत्यात आन् बाकी गावात बेवारस म्हणत्यात, चालंल तुमाला?" आणि ते यादी घेऊन जिना उतरून गेले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी भाई गेले. सकाळी चहा घेता घेता. मातीला गेलेल्या माणसांत कितीतरी गाणारे होते. नरसम्मा दारातच बसून राहिली.

महिन्याभराने लावण्याने मला आणखी एका ठिकाणी बदललेलं नाव दाखवलं. मी काही पाठवलं नव्हतं. तिनेही नाही. ते कुणी केलं असेल, हे मला दाखवल्याबरोबर कळलं, कारण मी भाईंना पाहिलं होतं.

यादीवरून झालेल्या भांडणानंतरच्या आठवड्यातली दुपार होती. मी रिक्षाने बँकेत चालले होते. सात रस्त्याजवळ सिग्नलला रिक्षा थांबली, समोर इंटरनेटचं दुकान, मोठी काच. आत कॉम्प्युटरपुढे भाई बसले होते. इंग्रजी या माणसाला येत नव्हतं. माझं जुनं पत्र त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. पत्रातलं एक अक्षर बघायचं, मग तेच अक्षर बटणांवर शोधायचं, एका बोटाने दाबायचं, मग मान वर करून ते पडद्यावर आलं का ते बघायचं. मग पुढचं अक्षर. माझं ते पत्र दोन पानांचं होतं. मी ते एवढं लांबवायला नको होतं.

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने विचारलं, "थांबायचंय का हितं?" मी 'नाही' म्हणाले.